तीन जानेवारी की एक मार्च? नववीच्या पोरांनी उभा केलेला आनंद मेळावा

शनिवारी मेळावा झाला, रविवार झोपण्यात गेला, सोमवारी हिशोब लागला आणि आज मंगळवारी रात्री लिहायला बसलेय. जून महिन्यापासून कॉम्प्युटरच्या तासाला जे जमलं नाही ते डिसेंबरच्या तीन आठवड्यांत जमलं, आणि ते नेमकं कसं जमलं हे विसरायच्या आत उतरवून ठेवायचंय.

आमची शाळा सांगोला तालुक्यात, डाळिंबाचा पट्टा. बहुतेक पोरांच्या घरी थोडीफार बाग आहे, नाहीतर आईवडील दुसऱ्याच्या बागेत कामाला जातात. मी गणित शिकवते आणि कॉम्प्युटरचा तास पण माझ्याकडेच आहे. लॅबमध्ये १० कॉम्प्युटर, त्यातले ६ चालतात, नववीत पोरं ३४. म्हणजे एका स्क्रीनसमोर पाच-सहा जण, त्यातला एक माऊस धरणार आणि बाकीचे बघणार. पुस्तकात स्प्रेडशीटचा, म्हणजे रकान्यांत आकडे मांडून हिशोब करायच्या तक्त्याचा, धडा आहे, त्यात पाच विद्यार्थ्यांचे मार्क दिलेत, त्यांची बेरीज करा. पोरांनी केली, बरोबर आली, पुढच्या आठवड्यात विचारलं तर कोणाला काही आठवत नव्हतं. का आठवावं? त्या पाच विद्यार्थ्यांचं त्यांना काय पडलंय, ते कोणीच नाहीयेत.

आणि सगळीकडे ऐकायला काय मिळतं, तर आजकालच्या पोरांना मोबाईल आपल्यापेक्षा जास्त येतो. प्रथम संस्था मुलांच्या शिक्षणाची पाहणी करते, तिचं नाव असर, तिचा २०२४ चा ग्रामीण भागाचा अहवाल आहे, त्यात १४ ते १६ वयाच्या मुलांमध्ये ८२ टक्क्यांहून जास्त जणांनी स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलंय. त्यांच्यातल्या ५७ टक्के मुलांनी मागच्या आठवडाभरात तो अभ्यासासाठी काहीतरी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. अजून एक आकडा त्यात आहे तो मला जास्त टोचतो. वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के आणि मुली २७ टक्के. माझ्या वर्गात तर हा फरक डोळ्यांनी दिसतो. पोरगं फोन खिशात घालून फिरतं, पोरीला आईचा फोन रात्री स्वयंपाक झाल्यावर अर्धा तास मिळतो, तो पण भावाचं झालं की मग.

तर ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, बालिका दिन. आमच्याकडे त्या दिवशी दरवर्षी बाल आनंद मेळावा असतो, पोरं खाऊचे स्टॉल लावतात, पालक येतात, खातात, फोटो काढतात. आत्तापर्यंत काय व्हायचं की सगळं नियोजन आम्ही शिक्षक करायचो, पत्रिका आम्ही, यादी आम्ही, हिशोब आम्ही, आणि पोरं फक्त भेळ कालवायला उभी. यंदा हेडसरांना म्हटलं की मेळावा नववीकडे द्या, मी मागे उभी राहीन. सर म्हणाले चुकलं तर? मी म्हटलं चुकू दे सर, चुकलं तर भेळ कमी पडेल, बोर्डाचा पेपर नाहीये तो. त्यांनी परवानगी दिली, त्यांचे मनापासून आभार, कारण गावाला तोंड त्यांनाच द्यायचं होतं.

पोरांना एकच नियम सांगितला. मेळाव्याची प्रत्येक गोष्ट एकाच गुगल शीटमध्ये असेल आणि शीटमध्ये जे नाही ते ठरलेलंच नाही. तोंडी ठरवाठरवी चालणार नाही.

१५ डिसेंबर, सोमवार. पहिलं काम म्हणून शीटमध्ये वरच्या कोपऱ्यात मेळाव्याची तारीख टाकायची आणि शेजारी किती दिवस उरले ते आपोआप दिसलं पाहिजे. मेळाव्याच्या तारखेतून आजची तारीख वजा करायची एवढंच, टुडे नावाचा फॉर्म्युला आहे. एका पोराने तारीख टाकली, तीन, तिरकी रेघ, एक, तिरकी रेघ, दोन हजार सव्वीस. एंटर मारलं. शेजारी उत्तर आलं ७६.

वर्ग शांत. मग एकजण म्हणाला, लय वेळ आहे की मॅडम. दुसरा म्हणाला एवढे दिवस कसे, नाताळाच्या सुट्टीनंतर लगेच तर आहे. मी काही बोलले नाही. बोटांवर मोजलं पोरांनी, डिसेंबरचे १६ आणि जानेवारीचे ३, एकोणीस. मग ७६ कुठून आले? पाचेक मिनिटं गोंधळ चालला, कॉम्प्युटर बिघडलाय इथपासून फॉर्म्युला चुकलाय इथपर्यंत सगळं म्हणून झालं. शेवटी दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने उलटं मोजलं, आजपासून ७६ दिवस पुढे गेलं की कुठे येतो, तर १ मार्चला येतो. आणि तिच्या लक्षात आलं. मॅडम, ह्याने महिना आधी वाचलाय.

झालं होतं असं की लॅबमधल्या त्या अकाउंटला देश अमेरिका सेट होता आणि अमेरिकेत महिना आधी लिहितात, तारीख नंतर. फाईलच्या सेटिंगमध्ये लोकेल म्हणून एक जागा असते, तिथे भारत निवडायचं. निवडलं. तरी उत्तर ७६ च! कारण आधी टाकलेली तारीख त्याने १ मार्च म्हणूनच मनात धरलेली, आता ती फक्त आपल्या पद्धतीने १/३ अशी दिसायला लागली. पुसून परत टाकावी लागली, मग आले १९. हे मला पण माहीत नव्हतं की परत टाकावी लागते, पोरांसोबतच कळलं. ती मुलगी त्या दिवसापासून वर्गाची शीटवाली झाली, कोणी तिला नेमलं नाही, सगळे आपोआप तिलाच विचारायला लागले.

दुसरा दिवस अकाउंटमध्ये गेला. शीटमध्ये काम करायचं तर प्रत्येकाला स्वतःचं गुगल अकाउंट पाहिजे, आणि तिथे कळलं की रोज तीन-चार तास मोबाईल बघणाऱ्या पोरांना आपल्या फोनवर कोणाचं अकाउंट चालू आहे हेच माहीत नाही. कोणाच्या फोनवर मोबाईल दुकानदाराने काढून दिलेलं अकाउंट, पासवर्ड त्यालाच माहीत. कोणाच्या फोनवर काकाचं. नवीन काढायचं तर नंबर लागतो, ओटीपी गेला वडिलांच्या फोनवर आणि वडील फवारणीला, फोन घरी चार्जिंगला. दोन तास यात गेले पण मला ते वाया गेले असं वाटत नाही. पासवर्ड कुठे लिहून ठेवायचा, फोन हरवला तर अकाउंट परत कसं मिळवायचं, आईडी कसा घ्यायचा की पुढे नोकरीच्या अर्जावर टाकायला बरा दिसेल, हे सगळं बोलणं झालं. पुढे अकरावीचे ऑनलाइन प्रवेश, स्कॉलरशिप, सगळीकडे हेच लागणार आहे. शेवटी २१ जणांची अकाउंट झाली, बाकीच्यांनी जोडीने काम केलं.

मग स्टॉलची नोंदणी. त्यासाठी गुगल फॉर्म बनवला पोरांनी, पाचवी ते दहावी सगळ्या वर्गांना पाठवायचा. प्रश्न एकदम सरळ, तुम्ही कोणता पदार्थ आणणार? खाली मोकळी जागा, लिहा. दोन दिवसांत ४० च्या वर उत्तरं आली आणि ती मोजायला बसलो. वडापाव एका शब्दात, वडा पाव दोन शब्दांत, कोणी इंग्रजी अक्षरांत, कोणी नुसतं वडा, एकाने गरमागरम वडापाव. माणसाला कळतंय की हे सगळं एकच आहे पण काऊंटइफ म्हणून जो मोजायचा फॉर्म्युला आहे त्याला कळत नाही, त्याला जे लिहिलंय तेच दिसतं. त्याने सांगितलं वडापाव ३. प्रत्यक्षात होते ९. मी पोरांना विचारलं चूक कोणाची? सगळे म्हणाले पाचवी-सहावीच्या पोरांची, नीट लिहिता येत नाही. मग जरा वेळाने त्यांच्यातलाच एकजण म्हणाला, आपण मोकळी जागा दिली म्हणून त्यांनी काय पण लिहिलं. बरोबर. फॉर्म पुन्हा बनवला, पदार्थांची यादी दिली, त्यातून एक निवडा, आणि शेवटी इतर. प्रश्न विचारायची पद्धत चुकली की उत्तर देणाऱ्याला दोष द्यायचा नसतो, हे मी गणिताच्या तासाला कितीदा स्वतःला सांगत असते, पोरांना ते एका फॉर्मवरून समजलं. शेवटी १२ स्टॉल ठरले.

आता कांद्याची गोष्ट सांगते, कारण सगळ्यात जास्त शिकणं मला वाटतं त्या कांद्यात झालं. सामानाची यादी केली होती, कुठल्या स्टॉलला काय किती लागणार. भेळवाल्यांनी लिहिलं ३ किलो, भजीवाल्यांनी ५ किलो, मिसळवाल्यांनी ४ किलो. खाली सम, म्हणजे बेरजेचा फॉर्म्युला, टाकला. उत्तर शून्य. परत टाकलं, शून्य. तीन वेळा झाल्यावर एक पोरगा, वर्गात फारसा कधी बोलत नाही, तो स्क्रीनजवळ जाऊन म्हणाला, मॅडम हे सगळे डावीकडं चिकटलेत, तारखेचे आकडे उजवीकडं होते. किती बारीक बघितलं बघा त्याने! शीटमध्ये नुसता आकडा टाकला की तो रकान्याच्या उजव्या कडेला जाऊन बसतो आणि अक्षरं आली की डाव्या कडेला. ३ किलो असं लिहिलं की त्याच्या लेखी तो आकडाच राहत नाही, तो शब्द झाला, आणि शब्दांची बेरीज काय होणार, शून्य. किलो वर शीर्षकात लिहायचं आणि खाली फक्त आकडे. केलं तसं, आणि आले १२. नंतर त्या पोराला कोणीही रकाना दाखवला की तो आधी डावीकडे का उजवीकडे बघतो. पाच विद्यार्थ्यांच्या मार्कांच्या त्या धड्यात हे कधी घडलंच नसतं, कारण तिथे आकडे आधीच नीट मांडून दिलेले असतात. इथे कांदा शून्य आला असता तर शनिवारी भजी झाली नसती, म्हणून सगळे तीन-तीन वेळा बघत होते.

आता माझी चूक. २८ डिसेंबर, रविवार. पालकांना कळावं म्हणून मी शीटची लिंक गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, आणि टाकताना शेअरिंगमध्ये ज्याच्याकडे लिंक आहे तो कोणीही, आणि शेजारी व्ह्यूअरच्या (फक्त बघणारा) ऐवजी एडिटर (बदल करू शकणारा) तसंच राहिलं. घाईत होते, बघितलं नाही. संध्याकाळी सात वाजता शीटवालीचा फोन, आईच्या फोनवरून, आवाज रडवेला. मॅडम सगळं गेलं. उघडून बघते तर खरेदीचं पूर्ण पान रिकामं, आणि स्टॉलच्या यादीत मधल्याच एका रकान्यात शुभ संध्याकाळ आणि फुलाचं चित्र. कोणी मुद्दाम केलं नसणार, फोनवर बघताना बोट लागलं असेल, कोणाला वाटलं असेल हा मेसेज आहे, काहीही. पण त्याहून वाईट गोष्ट ही की त्याच फाईलमध्ये दुसऱ्या पानावर पालकांचे फोन नंबर होते. ते दोनशेच्या वर लोकांच्या ग्रुपवर माझ्या हाताने गेले होते.

आधी लिंक बंद केली. मग लॅपटॉपवर फाईल उघडली, व्हर्जन हिस्टरीत गेले, तिथे प्रत्येक बदल कधी झाला त्याची यादी असते, दुपारी चारच्या आधीचं रूप निवडलं, रिस्टोअर केलं, सगळं परत आलं. सोमवारी सुट्टी असूनही १० जण शाळेत आली होती, त्यांना हे सगळं स्क्रीनवर दाखवलं, माझ्याकडून काय झालं ते पण स्पष्ट सांगितलं. एकाने विचारलं कोणी केलं ते नाव दिसत नाही का? नाही दिसत, लिंक सगळ्यांना उघडी असली की बदल करणारा अनोळखी म्हणून दिसतो. ज्यांचे नंबर गेले होते त्या प्रत्येक पालकाला मी स्वतः फोन करून सांगितलं आणि माफी मागितली. बहुतेक म्हणाले मॅडम एवढं काय त्यात, गावात सगळ्यांकडे नंबर आहेतच. पण एक ताई म्हणाल्या बरं झालं सांगितलं, मला नको त्या नंबरवरून फोन येतात आधीच. तो फोन मी पोरांच्या समोर केला होता. त्यानंतर पोरांनी स्वतः बसून दोन फाईली वेगळ्या केल्या, एक गावाला दाखवायची, फक्त बघता येईल अशी, आणि एक आतली, तिच्यात नावानिशी सातच जण एडिटर. नंबर आतल्या फाईलमध्ये. व्ह्यूअर, कमेंटर, एडिटर यातला फरक मी फळ्यावर तक्ता काढून शिकवला होता ऑगस्टमध्ये. पोरांना तो कळला २९ डिसेंबरला.

पोस्टरचं काम तीन मुलींनी घेतलं होतं. कॅन्व्हा नावाच्या डिझाइनच्या ॲपवर केलं, शिक्षकांना आणि शाळेतल्या मुलांना त्याचं एज्युकेशन व्हर्जन फुकट मिळतं. रंगसंगती छान जमलेली पण एका ओळीवर मी अडून बसले. शाळेच्या पायऱ्यांजवळ असं हवं होतं आणि त्यांनी लिहिलं होतं पायर्यांजवळ, र चा रफार होऊन य च्या डोक्यावर गेलेला. मुली म्हणाल्या तसंच येतंय ओ मॅडम, फोनवर. मी म्हटलं आपल्या भाषेत दुसऱ्या, पायऱ्या, शेतकऱ्यांना असे शब्द पावलोपावली येतात, ते मोडकेच लिहायचे का? त्यासाठी वेगळा र असतो, खाली टिंब असलेला, ऱ. फोनच्या कीबोर्डवर र दाबून धरला की बऱ्याचदा तो सापडतो, आणि लॅबमध्ये मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहे त्यावर शिफ्ट आणि जे, मग डी म्हणजे हलन्त, मग तिरक्या रेघेच्या बटणावर य. शिफ्ट-जे, डी, रेघ. एका मुलीने ते इतक्यांदा करून बघितलं की पानभर ऱ्या ऱ्या ऱ्या झालं. जाताना म्हणाली माझं आडनाव पण आता नीट येतं मॅडम. तिच्या आडनावात ऱ्हा आहे, आणि आजवर प्रत्येक यादीत ते मोडलेलंच छापून आलेलं.

छपाईला दिलं तर अजून एक अडचण. दुकानात जुन्या पद्धतीचे फॉन्ट, आपण फोनवर लिहितो तो युनिकोड मजकूर तिथे चिकटवला की चौकोन दिसतात. आणि पोस्टर व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं, त्यामुळे अक्षरं फुटलेली. मग पीडीएफ करून, डॉक्युमेंट म्हणून पाठवलं, त्यात फॉन्ट सोबत जातो आणि चित्र दाबलं जात नाही. एका फेरीत काम झालं. यापुढे या मुली कुठलाही अर्ज, कुठलंही सर्टिफिकेट फोटो काढून पाठवणार नाहीत याची मला खात्री आहे.

सूत्रसंचालनासाठी एकाने नेटवरून सावित्रीबाईंची म्हणून एक कविता आणली. छान होती वाचायला. पण आमच्या लायब्ररीत त्यांच्या समग्र वाङ्मयाचा खंड आहे, त्यात शोधा म्हटलं. दोघांनी दोन दिवस शोधलं, नाही सापडली, शिवाय त्यात काही शब्द असे होते की १८५० च्या आसपासचं माणूस ते वापरेल असं वाटेना. मग ती घेतली नाही, त्याऐवजी १८४८ ला पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा कशी सुरू झाली ते साध्या शब्दांत सांगायचं ठरलं. कविता आणणारा जरा नाराज झाला होता, पण खंडात शोधणाऱ्या दोघांपैकी एक तोच होता.

पैशाचं पण बोलायला हवं. यूपीआय २०१६ पासून आहे, आता गावातल्या चहाच्या टपरीवर पण क्यूआर लावलेला असतो, पोरांना स्कॅन करून पैसे पाठवताना बघून बघून सवय झालीये. पण पैसे घेणाऱ्याच्या बाजूने त्यांनी कधी विचार केला नव्हता. गावातल्या एका महिला बचत गटाने त्यांच्या खात्याचा क्यूआर वापरायला दिला, गटाच्या एक ताई दिवसभर फोन घेऊन आमच्या टेबलाशी बसल्या. पोरांनी ठरवलं की गिऱ्हाईकाच्या फोनवरचा हिरवा टिकमार्क बघून प्लेट द्यायची नाही, ताईंच्या फोनवर पैसे आल्याचं दिसलं की मगच द्यायची, कारण स्क्रीनशॉट कोणी पण दाखवू शकतं. आणि पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही, कोणी पिन टाका म्हणाला की समजायचं पैसे जाणार आहेत. फसवणूक झाली तर सायबर हेल्पलाइनचा १९३० नंबर. हे तिन्ही पोरांनी आपापल्या घरी जाऊन सांगावं असा गृहपाठ दिला होता. एका मुलाची आजी म्हणे दुसऱ्या दिवशी स्वतः शेजारच्या आजीला सांगत होती, पिन मागितला की फोन ठिवून द्यायचा.

फोटोंवरून वाद झाला. फोटोवाल्या टीमला सगळे फोटो त्याच दिवशी ऑनलाइन टाकायचे होते. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्ट २०२३ मध्ये १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायची तर पालकांची संमती घ्यायची तरतूद आहे, फोटो पण माहितीच आहे, असं मी सांगितलं. पोरांना वाटलं मी कायदा दाखवून अडवतेय. तेवढ्यात आठवीतली एक मुलगी, आली होती दुसऱ्याच कामासाठी, ती दारातूनच म्हणाली, माझा टाकू नका. कारण सांगितलं नाही. कोणी विचारलं पण नाही, मला ते फार आवडलं. त्यानंतर संमतीचं पत्र तयार झालं, सही आणायला पाठवलं, आणि ज्यांना नको त्यांच्या ड्रेसला पिवळी फीत लावायची असं पोरांनीच सुचवलं. शनिवारी ७ पिवळ्या फिती होत्या. फोटो काढणाऱ्या पोराने एकदा मोबाईल वर केला, फीत दिसली, खाली केला, बाजूला सरकून दुसऱ्या बाजूने काढला. मी लांबून बघत होते.

शनिवार सकाळची शाळा, आठला सुरुवात. आमच्या शाळेत रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते म्हणून हिशोबाचं टेबल टाकीखाली. शीट ऑफलाइन उघडेल असं दोन फोनवर आधीच करून ठेवलेलं, आणि तरी पोरांनी आतल्या फाईलची छापील प्रत पण आणलेली, कोणी सांगितलं नव्हतं. साडेनऊला लाईट गेली, कोणाचं काही अडलं नाही. स्टॉलवर कागदावर पाच-पाचच्या रेघा मारायच्या आणि अर्ध्या तासाने एकाने टाकीपाशी येऊन फॉर्ममध्ये विक्री भरायची, अशी पद्धत. भजी साडेदहालाच संपली, हुरडा मात्र उरला, लोकांना वाटलं घरी आहेच. मी सकाळभर फक्त दोन वेळा मध्ये बोलले, एकदा गरम तेलाजवळ पाचवीची पोरं गेली म्हणून आणि एकदा पाण्याचा टँकर कुठे उभा करायचा यावर.

सोमवारी हिशोब. शीट म्हणते विक्री ८,८८५. हातात रोख ६,४३० आणि बचत गटाच्या खात्यात २,२१५, म्हणजे ८,६४५. २४० कमी. लगेच एकमेकांकडे बघायला लागले, कोणी खाल्ले, कोणी सांडले. शीटवाली म्हणाली थांबा, आधी शीट बघू. फॉर्ममधून आलेल्या प्रत्येक नोंदीला वेळ असते, सेकंदापर्यंत. तिने वेळेच्या रकान्यावर बोट ठेवून एक-एक ओळ खाली वाचत आणली. थालीपीठ स्टॉल, २४०, अकरा वाजून २ मिनिटं १४ सेकंद. पुढची ओळ, थालीपीठ, २४०, अकरा वाजून २ मिनिटं ५१ सेकंद. थालीपीठवाला पोरगा उभा राहिला, म्हणाला रेंज गेली होती, गेलं का नाही कळेना म्हणून परत दाबलं. ज्याच्याकडे रोख रकमेचा डबा होता त्या मुलाने इतका मोठा श्वास सोडला की मागच्या बाकापर्यंत ऐकू आला. दोन मिनिटांपूर्वी सगळे त्याच्याचकडे बघत होते.

शाळा सुटल्यावर शीटवाली थांबली होती. म्हणाली ही शीट मला घरी वापरता येईल का, आमच्या बागेचा फवारणी आणि मजुरीचा हिशोब वडील वहीत ठेवतात, दरवर्षी पाने फाटतात. मी तिला फाईलची स्वतःची प्रत काढायचं मेक अ कॉपी दाखवलं. तिने नाव बदललं, स्टॉलची नावं पुसली, वर लिहिलं औषध, लिटर, रुपये, आणि खाली फक्त आकडे. मग पहिल्या रकान्यात तारीख टाकायला गेली आणि हात थांबवला, आधी सेटिंगमध्ये जाऊन देश बघून आली. भारत होता. मग टाकली.